इंग्रजीत किस्सा सांगायचा तर शेवटचं वाक्य आधी ठरवा

मराठीत किस्सा रंगवून सांगणारा माणूस इंग्रजी बोलणाऱ्यांत बसला की तोच किस्सा तीन वाक्यांत उरकतो आणि वर 'इट वॉज व्हेरी फनी' अशी पुस्ती जोडतो. समोरचे सभ्यपणे हसतात, विषय बदलतो. घरी येऊन तो माणूस शब्दसंग्रहाला दोष देतो आणि कठीण शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतो. त्या याद्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. खाली एक आख्खा किस्सा दिला आहे. त्यातला एकही शब्द शाळेत न भेटलेला नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: बोलायला सुरुवात कशी करायची, कुठला काळ वापरायचा, कोण काय म्हणालं ते कसं सांगायचं आणि थांबायचं कुठे.

आधी किस्सा वाचा, तोही मोठ्याने.

'आय वन्स गॉट इन द राँग कार. इट वॉज पोअरिंग, आय वॉज लेट फॉर माय फ्लाइट, अँड आय वॉज वेटिंग फॉर अ ग्रे कॅब. सो अ ग्रे कार पुल्स अप, आय जम्प इन द बॅक अँड आय से, "हाय, एअरपोर्ट, प्लीज." नथिंग. द कार डझन्ट मूव्ह. अँड धिस गाय टर्न्स अराउंड, व्हेरी स्लोली, विथ अ सॅन्डविच इन हिज हँड, अँड ही गोज, "आय'म वेटिंग फॉर माय वाइफ." आय वॉन्टेड टू डाय. सो आय से सॉरी अबाउट टेन टाइम्स, आय ग्रॅब द हँडल — चाइल्ड लॉक. आय कान्ट गेट आउट. अँड राइट देन द डोअर ओपन्स, अँड इट्स हिज वाइफ. शी लुक्स ॲट मी. शी लुक्स ॲट हिम. शी सेज, "हूज धिस?" अँड ही सेज, "ही'ज गोइंग टू द एअरपोर्ट."'

हे ११८ शब्द आहेत. घाई न करता, मध्ये श्वास घेत सांगितले तर सव्वा मिनिट लागतं. गप्पांमधल्या किश्श्याला एवढीच लांबी पुरते. सांगणारी बाई असेल तर शेवटी 'शी'ज' येईल आणि त्या बायकोचा प्रश्न आणखी टोकदार होईल. पुढचं सगळं विवेचन याच किश्श्यावर आहे.

कोणता प्रसंग निवडायचा

ज्यात तुमची फजिती झाली तो. आपण कुणाला कसं सुनावलं, आपल्यामुळे काम कसं वाचलं, अशा विजयकथा परक्या भाषेत हमखास बढाईसारख्या ऐकू येतात, कारण मराठीत जो मिश्कील सूर आपण सहज लावतो तो इंग्रजीत अजून आपल्या हातात नसतो. फजितीला सूर लागत नाही, ती आपोआप गोड वाटते.

प्रसंगात दोन गोष्टी लागतात. एक, तुम्हाला काहीतरी साधं हवं होतं (विमानतळावर पोचायचं होतं). दोन, ते मिळायच्या आड काहीतरी विचित्र आलं. यातलं एक जरी नसलं तरी तो नुसता वृत्तांत होतो. 'आम्ही फिरायला गेलो, खूप मजा आली' हा वृत्तांत आहे. आठवत नसेल तर स्वतःला विचारा: चुकीच्या माणसाला कधी ओळख दाखवली? चुकीच्या दारातून कधी आत गेलो? जे बोललो ते नको त्या माणसाने कधी ऐकलं? दहा मिनिटं वही घेऊन बसलात तरी चार-पाच प्रसंग निघतात.

तीन प्रकार मात्र बाजूला ठेवा. ज्याची गंमत मराठी शब्दाच्या कोटीवर आहे तो प्रसंग, कारण कोटी समजावून सांगितली की मेली. ज्यासाठी एखाद्या माणसाचा स्वभाव आधी समजावून सांगावा लागतो तो. आणि स्वप्न. स्वप्न कुठल्याच भाषेत कुणाला ऐकायचं नसतं.

सुरुवातीला तीन प्रसंग तयार करा, त्याहून जास्त नकोत. तीन किस्से वेगवेगळ्या लोकांना दहा-दहा वेळा सांगणं हे तीस किस्से एकेकदा सांगण्यापेक्षा कितीतरी पटींनी उपयोगाचं आहे.

उलट्या टोकाने बांधणी

आता शेवटचं वाक्य लिहा. आधी तेच. आपल्या उदाहरणात ते 'ही'ज गोइंग टू द एअरपोर्ट' आहे. मग विचारा, या वाक्याला हसू यायचं तर ऐकणाऱ्याला काय काय माहीत असायला हवं? गाडी परक्याची आहे. सांगणाऱ्याने आत बसताच विमानतळाचं नाव घेतलं आहे. त्याला उतरता येत नाहीये. आणि गाडीवाला बायकोची वाट बघतोय. झालं, चार गोष्टी. विमान कुठे जाणार होतं, त्या दिवशी वार कोणता होता, गाडी कुठल्या कंपनीची होती, पुढे विमान मिळालं का, यातलं काहीही या शेवटाला लागत नाही. म्हणून ते किश्श्यात नाही.

यातली 'एअरपोर्ट, प्लीज' ही जागा नीट बघा. शेवटच्या वाक्यातली गंमत ही त्या आधीच्या शब्दाची परतफेड आहे. तो शब्द सुरुवातीला पुटपुटत गेला तर शेवट पडतो, आणि सांगणाऱ्याला कळतही नाही की चूक एक मिनिट आधी झाली होती. शेवट ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा ठळक उच्चारला गेलाच पाहिजे.

वाक्यातला क्रमही तपासा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'तो विमानतळावर चाललाय' या वाक्यात गमतीचा शब्द मध्ये असला तरी चालून जातं. इंग्रजीत वजन वाक्याच्या शेपटीवर असतं. 'ही'ज गोइंग टू द एअरपोर्ट, ही सेज' असं म्हटलं की शेपटीला 'ही सेज' लोंबकळतं आणि हसण्याची जागा गेली. कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर, आणि त्यातही गमतीचा शब्द सर्वांत शेवटी. त्यापुढे एक अक्षर नको. 'सो यू नो, इट वॉज सो फनी' हे तर नकोच.

विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९६७ साली सामान्य लोकांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवांची चिरफाड केली होती. त्यांना आणि पुढे एकट्या लबॉव्हला त्यात ठरावीक भाग सापडले: सुरुवातीचा गोषवारा, पार्श्वभूमी, गुंता, सांगणाऱ्याचा स्वतःचा शेरा, उलगडा आणि कधी कधी वर्तमानात परत आणणारं समारोपाचं वाक्य. आपला किस्सा याच चौकटीत बसतो. यातला शेरा हा भाग शिकणारे लोक सर्रास गाळतात. 'आय वॉन्टेड टू डाय' हा तो शेरा. चार शब्दांचा, गुंता पुरता आवळण्याच्या जरा आधी. तो नसेल तर ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याच्या मनाचं काहीच कळत नाही आणि पोलिसात दिलेल्या जबाबासारखं वाटतं. लबॉव्हने नोंदवलंय की मुद्दा नसलेल्या कथेला इंग्रजीत 'सो व्हॉट?' असं झोंबणारं उत्तर मिळतं. तो प्रश्न कुणाच्या मनात येण्याआधीच शेरा त्याचं उत्तर देऊन टाकतो.

बोलायची संधी मागणं

गप्पांमध्ये प्रत्येकाला एका वेळी एखाद-दुसरं वाक्य बोलायची मुभा असते. किस्सा म्हणजे सलग दहा-बारा वाक्यं. तेवढी जागा आधी मागून घ्यावी लागते, हे हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञाने संभाषणांच्या ध्वनिफिती बारकाईने ऐकून दाखवलं. म्हणून इंग्रजी बोलणारा आधी एक छोटं वाक्य टाकतो, समोरून 'रिअली?' किंवा 'ओह नो, व्हॉट हॅपन्ड?' येण्याची वाट बघतो आणि मग सुरू करतो.

ते पहिलं वाक्य म्हणजे 'आय वन्स गॉट इन द राँग कार.' यात शेवट फुटत नाही, पण कसली गोष्ट आहे ते कळतं. 'आय हॅव अ व्हेरी फनी स्टोरी' असं कधीच म्हणू नका. विनोदाची हमी दिली की ऐकणारा हाताची घडी घालून बसतो. चालू विषयाला जोडायचं असेल तर 'दॅट रिमाइंड्स मी' किंवा 'स्पीकिंग ऑफ कॅब्ज' एवढा सांधा पुरतो. मात्र खरोखर सांधा असला पाहिजे. गाड्यांचा विषय संपून पाच मिनिटं झाली असतील तर किस्सा खिशात राहू द्या, तो नासत नाही.

वाक्य टाकल्यावर सेकंदभर गप्प बसा. शिकणारे इथेच घाई करतात, कारण शांततेची भीती वाटते. समोरून काहीच आलं नाही, माणूस नुसता मान हलवून स्वतःचंच बोलू लागला, तर सोडून द्या. जागा मिळाली नाही, एवढंच.

काळाचा घोळ

मराठी माणसाच्या इंग्रजी किश्श्यात सर्वांत जास्त होणारी चूक ही: 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू द स्टेशन.' ती येते थेट 'काल मी स्टेशनवर गेलो होतो' मधून. मराठीत 'गेलो होतो' ही किस्सा उघडण्याची साधी, रोजची पद्धत आहे. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा थांबतो आणि विचार करतो, कशाच्या आधी गेला होता? कारण इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ हा भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीच्या घटनेसाठी राखून ठेवलेला असतो. किस्सा उघडताना 'आय वेन्ट' म्हणा. 'हॅड' फक्त मागे वळून काहीतरी सांगायचं असेल तेव्हा: 'आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय फोन ॲट होम.' एका मिनिटाच्या किश्श्यात 'हॅड' एकदा आलं तर ठीक, चार वेळा आलं तर मराठी बोलतंय.

याचंच भावंड म्हणजे 'आय हॅड सॅट ऑन द चेअर'. मराठीत 'मी खुर्चीवर बसलो होतो' म्हणजे बसलेल्या अवस्थेत होतो. इंग्रजीत त्याला 'आय वॉज सिटिंग' लागतं. 'उभा होतो', 'झोपलो होतो', 'घातला होता' या सगळ्यांना इंग्रजीत चालू भूतकाळ: 'वॉज स्टँडिंग', 'वॉज स्लीपिंग', 'वॉज वेअरिंग'. मात्र उलटी अतिशयोक्तीही होते. माहीत असणं, हवं असणं, समजणं या मनातल्या स्थितींना 'इंग' लागत नाही. 'आय वॉज नॉट नोइंग' नाही, 'आय डिडन्ट नो'.

तर पार्श्वभूमीची दोन वाक्यं भूतकाळात: 'इट वॉज पोअरिंग', 'आय वॉज वेटिंग'. आणि मग आपल्या किश्श्यात काय झालं ते पाहा. 'सो अ ग्रे कार पुल्स अप.' काळ बदलला. घटना जुनी, क्रियापद वर्तमानाचं. मराठीतही आपण हेच करतो: 'मी आपला दार उघडतो, बसतो, बघतो तर काय!' त्यामुळे ही युक्ती आपल्याला परकी नाही. फक्त शिस्त पाळायची. पार्श्वभूमी संपून पहिली हालचाल होते तिथे वर्तमानात शिरायचं आणि प्रसंग संपेपर्यंत तिथेच राहायचं. मध्ये स्वतःचा शेरा मारायला बाहेर आलात तर तो भूतकाळात, जसं 'आय वॉन्टेड टू डाय', आणि 'सो' म्हणून पुन्हा आत. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक याहून मोकळेपणाने ये-जा करतात. पण शिकणाऱ्याने तसं केलं तर ती शैली न वाटता चूक वाटते, हा अन्याय गृहीत धरून चाला. वर्तमानात शिरल्यावर 'शी लुक्स', 'ही सेज' मधला शेवटचा 'स' गळतो, त्याकडेही लक्ष ठेवा. तो वारंवार गळत असेल तर पहिले दोन महिने सगळा किस्सा साध्या भूतकाळात सांगा. 'अ ग्रे कार पुल्ड अप, आय जम्प्ड इन.' काही बिघडत नाही.

'धिस गाय' मधला 'धिस' हाही बोलीतला खास वापर आहे. समोर दाखवण्यासारखा माणूस नाही, तरी 'धिस'. 'एक माणूस आहे, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरणार आहे' असं ते सांगतं. लेखी इंग्रजीत हे चालत नाही, गप्पांत शोभतं. एका किश्श्यात एकदाच वापरा, ज्याच्यावर नजर खिळवायची आहे त्या माणसासाठी.

'की'चा सापळा

हा सापळा काळापेक्षा वाईट, कारण यात अर्थच उलटतो. मराठी वाक्य घ्या: 'तो म्हणाला की मी बायकोची वाट बघतोय.' इथे 'मी' म्हणजे गाडीवाला, हे मराठी कानाला क्षणात कळतं. हेच शब्दशः केलं की होतं, 'ही सेड दॅट आय ॲम वेटिंग फॉर माय वाइफ.' इंग्रजी कानाला याचा अर्थ: किस्सा सांगणारा स्वतःच्याच बायकोची वाट बघतोय, असं गाडीवाला म्हणाला. ऐकणारा गोंधळतो, 'युवर वाइफ?' असं विचारतो, तुम्ही 'नो नो, हिज वाइफ' म्हणता, आणि हसू तिथेच विरतं.

उपाय एकच: 'दॅट' काढून टाका. 'अँड ही सेज', अर्धा सेकंद थांबा, आणि त्याचं वाक्य त्याच्या सुरात जसंच्या तसं म्हणा: 'आय'म वेटिंग फॉर माय वाइफ.' हा थांबा आणि बदललेला सूर हेच तोंडी अवतरणचिन्ह. व्याकरणाच्या पुस्तकातलं 'ही सेड दॅट ही वॉज वेटिंग' अगदी बरोबर आहे, पण त्यात माणसाचा आवाज मरतो. किश्श्यात माणसं बोलली पाहिजेत.

'सेज' ऐवजी अनौपचारिक गप्पांत 'ही गोज' चालतं. आणि 'ही वॉज लाइक' तर सर्रास. या 'वॉज लाइक'चा मराठी माणसाला एक खास फायदा आहे. आपण म्हणतो, 'मी म्हटलं, मेलो आता!' प्रत्यक्षात काहीच म्हटलेलं नसतं, मनात आलेलं असतं. 'आय सेड, आय'म डेड' असं भाषांतर केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही गाडीत ओरडलात. 'आय वॉज लाइक, आय'म डेड' मध्ये मनातलंही बसतं, तोंडचंही बसतं. हुबेहूब आपल्या 'म्हटलं'सारखं. मुलाखतीत किंवा वयाने-हुद्द्याने मोठ्या माणसांसमोर ते टाळा. तिथे मनातल्यासाठी 'आय थॉट' आणि तोंडच्यासाठी 'सेड'.

दोन पुरुष किंवा दोन बाया किश्श्यात असतील तर 'ही'-'ही' ची खिचडी होते. प्रत्येकाला एक खूण द्या: 'द ड्रायव्हर', 'द टॉल गाय', 'माय बॉस'. माणसाचं खरं नाव सांगण्यापेक्षा खूण बरी. अनोळखी नाव ऐकणाऱ्याच्या डोक्यात टिकत नाही.

मराठीतले लाडके शब्द

'म्हणजे' साठी 'मीन्स' नका वापरू. 'मीन्स, आय वॉज टायर्ड' हे इंग्रजीत वाक्यच होत नाही. 'आय मीन' म्हणा, तेही क्वचित. 'नेमका त्याच दिवशी' साठी 'ऑफ ऑल डेज' ही सुंदर सोय आहे: 'अँड दॅट डे, ऑफ ऑल डेज, माय फोन डाइज.' 'बघतो तर काय' साठी 'टर्न्स आउट' किंवा 'गेस व्हॉट'. त्यातलं पहिलं शहाणं आहे, दुसरं शाळकरी वाटतं. 'चक्क' साठी 'ॲक्चुअली' आहे, पण तो आपल्याकडे इतका झिजलाय की प्रत्येक वाक्याची सुरुवात त्यानेच होते. एका किश्श्यात एकदाच, आणि तोही क्रियापदाला चिकटवून: 'ही ॲक्चुअली ऑफर्ड मी द सॅन्डविच.'

'व्हेरी' शक्यतो गाळा. 'व्हेरी हेवी रेन' पेक्षा 'इट वॉज पोअरिंग', 'व्हेरी एम्बरॅस्ड' पेक्षा 'आय वॉन्टेड टू डाय'. आपल्या किश्श्यात एकच 'व्हेरी' आहे, 'व्हेरी स्लोली', आणि तो मुद्दाम ठेवलाय, कारण तिथे वेळ ताणायचा आहे. सॅन्डविचही तसंच. कथानकाला त्याची गरज नाही, पण ते काढलं की माणूस दिसेनासा होतो. एका किश्श्यात असा एक डोळ्यांना दिसणारा तपशील हवा. तीन झाले की वर्णन होतं.

आवाज, वेग, थांबे

इंग्रजी सहज बोलणारे मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतात. तुम्ही ११० ते १२० वर राहा. घाबरलेला माणूस वेग वाढवतो आणि मराठी सवयीने प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. दोन्ही एकत्र आलं की इंग्रजी कानाला शब्दांच्या सीमा सापडत नाहीत. इंग्रजीत वाक्यातले एक-दोन शब्द फुगतात, बाकीचे दबतात. 'शी लुक्स ॲट मी. शी लुक्स ॲट हिम.' यात वजन 'मी' आणि 'हिम' वर. 'शी लुक्स ॲट' दोन्हीदा जवळजवळ गिळायचं. दोन्ही वाक्यांत सगळ्या शब्दांना सारखं वजन दिलं तर ती पाठ्यपुस्तकातली उदाहरणं वाटतात. एकदा मोठ्याने दोन्ही प्रकारे म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

थांबे या किश्श्यात चार आहेत. पहिल्या वाक्यानंतर, परवानगीसाठी. 'नथिंग' नंतर, कारण गाडीतली शांतता ऐकणाऱ्यालाही ऐकू आली पाहिजे. 'चाइल्ड लॉक' नंतर, आणि इथे बहुधा कुणीतरी 'नो!' म्हणेल, ते म्हणू द्या, त्यावर बोलू नका. चौथा 'अँड ही सेज' नंतर, पूर्ण एक सेकंद. हा शेवटचा थांबा सर्वांत अवघड. आपल्याला शेवट माहीत असतो, तोंडात हसू दाटलेलं असतं आणि वाक्य हसण्यातच फुटतं. गाडीवाला हसत नव्हता. तो थकलेल्या, सपाट आवाजात म्हणाला असणार. तुम्हीही तसंच म्हणा. आधी हसलात तर लोक तुमच्या हसण्याला हसतील, किश्श्याला नाही.

मधल्या वाटेत 'नो वे', 'ओह माय गॉड', 'सो व्हॉट डिड यू डू?' असं येतं, ते अडथळे समजू नका. 'व्हॉट डिड यू डू?' आलं की उलट काम सोपं झालं, पुढचं वाक्य 'सो आय ग्रॅब द हँडल' असंच आहे.

सराव कसा करायचा

संपूर्ण किस्सा लिहून पाठ करू नका. पाठ केलेला किस्सा मध्ये कुणी प्रश्न विचारला की कोसळतो, आणि पाठ केल्याचा वास पहिल्या वाक्यालाच येतो. तीनच वाक्यं पक्की करा: उघडणारं, गुंत्याचं आणि शेवटचं. बाकीचं दर वेळी वेगळ्या शब्दांत आलं तरी चालेल, यायलाच हवं.

पहिल्या दिवशी कागदावर फक्त सात-आठ शब्द लिहा: पाऊस, करडी गाडी, एअरपोर्ट, सॅन्डविच, बायको, चाइल्ड लॉक, हूज धिस. हे मराठीत लिहिलं तरी चालतं, पण वाक्यं मराठीत लिहू नका. वाक्य लिहिलं की डोकं भाषांतराला बसतं आणि 'हॅड गॉन', 'सेड दॅट' परत येतात.

मग फोनवर ध्वनिमुद्रण करत दोन मिनिटांत सांगा. लगेच दुसऱ्यांदा दीड मिनिटात. लगेच तिसऱ्यांदा एका मिनिटात. भाषाशिक्षक ज्याला ४-३-२ म्हणतात त्या पद्धतीचं हे छोटं रूप आहे. तिथे तेच भाषण चार, तीन, मग दोन मिनिटांत वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगतात. वेळ आवळला की फालतू तपशील आपोआप गळतात आणि शब्द शोधण्याचा वेळ कमी होतो. तिसऱ्या फेरीत नुसताच वेग वाढला आणि मजकूर तेवढाच राहिला तर मात्र उद्देश फसला. अशा वेळी एक वाक्य ठरवून कापा.

दुसऱ्या दिवशी ते ध्वनिमुद्रण ऐका. ऐकणं नको वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. एका ऐकण्यात एकच गोष्ट मोजा. पहिल्यांदा 'हॅड' किती वेळा आलं. दुसऱ्यांदा 'दॅट' लावून कुणाचं बोलणं सांगितलं का. तिसऱ्यांदा शेवटच्या गमतीच्या शब्दानंतर किती शब्द आले. उत्तर शून्य असायला हवं. सगळं एकदम सुधारायला गेलात तर चौथ्या दिवशी सराव सुटतो.

आठवड्याने माणसांसमोर. पहिला श्रोता एकच असावा, घोळका नको.

मध्येच गाडी अडली तर

शब्द आठवला नाही की मराठी माणूस 'सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड' म्हणतो. तिथे किस्सा संपून विषय तुमचं इंग्रजी हा होतो. त्याऐवजी वर्णन करून पुढे जा. 'चाइल्ड लॉक' आठवलं नाही? 'यू नो दॅट थिंग, किड्स कान्ट ओपन द डोअर?' समोरचा शब्द पुरवेल, आणि तो पुरवल्यामुळे किश्श्यात अधिक गुंतेल.

एखादा आवश्यक तपशील सांगायचा राहिला असेल तर मागे जायला 'आय शुड से' किंवा 'ओह, अँड ही हॅड अ सॅन्डविच, बाय द वे' चालतं. पण शेवटाच्या ऐन तोंडावर नाही. तिथे तपशील राहिला तर राहू द्या. कुणी मध्येच भलता प्रश्न विचारला तर एका वाक्यात उत्तर देऊन 'एनीवे' म्हणा. 'एनीवे' हा शब्द 'आता मूळ रस्त्यावर' असं सांगतो आणि लोक ऐकतात. लोकांचे डोळे फोनकडे वळू लागले असतील तर 'लाँग स्टोरी शॉर्ट' म्हणून थेट बायकोपाशी या. मधलं सॅन्डविच आणि दाराचं हँडल हरवलं तरी हरकत नाही.

शेवट झाला आणि कुणी हसलं नाही, तर समजावून सांगू नका. 'यू सी, ही वॉज वेटिंग फॉर हिज वाइफ, सो...' हा रस्ता खड्ड्यात जातो. स्वतःच हलकेच 'वेल, आय मिस्ड द फ्लाइट' असं काहीतरी म्हणा, म्हणजे निदान कोणीतरी 'ओह नो' म्हणेल, आणि बोलणं विमानांकडे वळेल.

हसले तर लगेच दुसरा किस्सा काढू नका. सॅक्सनेच दाखवून दिलंय की एका किश्श्याला लोक अनेकदा तसाच दुसरा किस्सा सांगून उत्तर देतात. कुणीतरी 'समथिंग लाइक दॅट हॅपन्ड टू मी' म्हणून सुरू करेल. तुमचा किस्सा नीट पोचल्याची ती सर्वांत खात्रीची खूण आहे, तुमच्यावर कुरघोडी नव्हे. आता थांबे ओळखायचे तुम्ही. त्याच्या पहिल्या वाक्यानंतर 'रिअली? व्हॉट हॅपन्ड?' म्हणा, आणि तो 'सो धिस गाय' म्हणाला की गप्प बसून ऐका.